पत्र पोचतं तिथे राहतं : युरोपात राहून अमेरिकेचा अभ्यास कसा करावा

जर्मनीत अमेरिकन स्टडीजच्या पहिल्या सत्रात मी ग्रंथालयातून थप्पीच्या थप्पी पुस्तकं घरी आणत होते. अमेरिकेबद्दल अमेरिकनांनी लिहिलेली. सत्राच्या शेवटी मार्गदर्शक बाईंनी माझी संदर्भयादी पाहिली आणि शांतपणे विचारलं, "हे सगळं तुला पुण्यात बसूनही वाचता आलं असतं. मग इथवर का आलीस?" मला उत्तर देता आलं नाही. ते मिळालं वर्षभराने, गोथा या छोट्या गावातल्या संशोधन-ग्रंथालयात.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेलेल्या जर्मनांनी घरी पाठवलेली हजारो पत्रं तिथे आहेत. ओहायोतल्या जमिनीचा भाव, मिसूरीतला हिवाळा, मालकिणीचा स्वभाव, यादवी युद्धात भरती झालेला भाऊ, सगळं त्यांत आहे. आणि ती अमेरिकेत नाहीत, कारण पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही, ज्याला पोचतं त्याच्याकडे राहतं. अमेरिकेच्या इतिहासाचा मोठा भाग असा युरोपातल्या कपाटांत, चर्चच्या तळघरांत आणि बंदरांच्या दफ्तरांत पडून आहे. युरोपातून अमेरिका अभ्यासायची ती त्यासाठी. पुढच्या पायऱ्या मी स्वतः चालले त्याच क्रमाने लिहिते आहे. मराठी घरातून निघून बर्लिन, लायडन किंवा मँचेस्टरला पोचलेली किंवा पोचू पाहणारी मुलंमुली डोळ्यांसमोर आहेत.

पायरी १ : दोन किनारे असलेला प्रश्न निवडा

"अमेरिकेतला वंशभेद" किंवा "अमेरिकन ड्रीम" हे विषय नाहीत, समुद्र आहेत. ज्याचा एक पाय युरोपात आहे आणि एक अमेरिकेत, असा प्रश्न शोधा. तो पाय कुठे टेकतो ते गावाच्या, बंदराच्या, गिरणीच्या नावानिशी सांगता आलं पाहिजे.

माझा आवडता नमुना कापसाचा. १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तरेकडची राज्यं आणि गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिणेकडची राज्यं यांच्यात यादवी युद्ध पेटलं. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस दक्षिणेतून, गुलामांच्या श्रमावर पिकून यायचा. तो थांबला आणि मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायर परगण्यात गिरण्यांची धुरांडी थंड पडली. ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन लिंकनना पाठिंब्याचं पत्र पाठवलं. दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारीला, गुलाममुक्तीचा जाहीरनामा अमलात आला. लिंकननी १९ जानेवारी १८६३ ला कामगारांना उत्तर लिहिलं. 'जॉर्ज ग्रिसवोल्ड' नावाचं जहाज न्यू यॉर्कहून पीठ आणि धान्य घेऊन लिव्हरपूलला आलं. त्यातलं पिठाचं एक पिंप लँकेशायरमधल्या रॉचडेलच्या संग्रहात आजही जपून ठेवलेलं आहे.

गोष्ट इथेच संपवली तर ती फार गोड होते. लँकेशायरमधल्याच काही गावांत दक्षिणेच्या बाजूनेही सभा झाल्या. लिव्हरपूलच्या बड्या व्यापाऱ्यांची सहानुभूती बरीचशी दक्षिणेकडे होती. नदीपलीकडे बर्कनहेडच्या गोदीत दक्षिणेसाठी 'अलाबामा' हे लढाऊ जहाज बांधलं गेलं आणि त्याने उत्तरेची डझनावारी व्यापारी जहाजं बुडवली. त्याची भरपाई म्हणून ब्रिटनला १८७२ मध्ये जिनिव्हाच्या लवादापुढे १ कोटी ५५ लाख डॉलर मोजावे लागले. ज्या दालनात तो लवाद बसला त्याला आजही अलाबामाचंच नाव आहे.

आपल्याला या प्रश्नात तिसरा किनाराही आहे. अमेरिकन कापूस बंद झाल्यावर लँकेशायर वळलं ते मुंबईकडे, म्हणजे वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातच्या कापसाकडे. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा सट्टा माजला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर सगळं कोसळलं. राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला ते प्रेमचंद रायचंदही त्या पडझडीत बुडाले. व्हर्जिनियातली दक्षिणेची शरणागती, मँचेस्टरची गिरणी आणि मुंबईचं दिवाळं एका सुतात ओवलेलं आहे. हे सूत मराठी विद्यार्थ्याच्या हाताला जितकं सहज लागतं तितकं वर्गातल्या इतरांच्या लागत नाही. अर्ज लिहिताना हे संकोच न करता सांगा.

प्रश्न ठरला की एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात एक ठिकाण, एक काळ आणि एक कागदपत्रांचा संच आलाच पाहिजे. तिन्हींपैकी एक जरी सुचत नसेल तरी पुढे जाऊ नका.

पायरी २ : दोन्ही टोकांची कागदपत्रं समोरासमोर ठेवा

अमेरिकेत घरोघरी एक गोष्ट सांगतात: एलिस आयलंडवरच्या कारकुनाने आमच्या आजोबांचं आडनाव बदललं. न्यू यॉर्क बंदरातलं, येणाऱ्या स्थलांतरितांना तपासणारं एलिस आयलंडचं केंद्र १८९२ मध्ये सुरू झालं आणि १९५४ मध्ये बंद झालं. पण तिथले कारकून नावं नव्याने लिहीतच नसत. त्यांच्यापुढे जहाजाची उतारूयादी असे आणि ते तिच्यावरून पडताळणी करत. ती यादी तयार व्हायची निघण्याच्या बंदरात. हाम्बुर्ग, ब्रेमरहाफेन, अँटवर्प किंवा नेपल्समध्ये जहाज कंपनीचा माणूस ती भरायचा. आडनावं बहुतेक वेळा लोकांनी स्वतःच, पुढच्या काही वर्षांत, बदलून घेतली. अमेरिकन घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चाललेली समजूत युरोपच्या टोकाचा एक कागद पाहिला की सुटते. हीच आपली पद्धत.

प्रत्यक्षात कसं कराल? हाम्बुर्गच्या १८५० ते १९३४ च्या उतारूयाद्या शिल्लक आहेत. एक नाव घ्या, निघण्याची नोंद शोधा, मग न्यू यॉर्कच्या बाजूची पोचल्याची नोंद शोधा. दोन कोरे कागद शेजारी ठेवा. वय, गाव, धंदा, सोबत कोण, हे दोन्हीकडून उतरवा. फरक दिसतील. जाताना 'शेतमजूर' असलेला माणूस उतरताना 'शेतकरी' झालेला असतो. त्या फरकावर थांबा, कारण तुमचं पहिलं प्रकरण तिथे आहे.

ब्रेमेनची गोष्ट मात्र दुःखाची आहे. तिथल्या जुन्या याद्या आधी जागा नाही म्हणून नष्ट केल्या गेल्या, उरलेल्या दुसऱ्या महायुद्धात गेल्या. हाती आहेत त्या मुख्यतः १९२० ते १९३९ मधल्या. तुमचा माणूस ब्रेमेनहून निघाला असेल तर अमेरिकेच्या टोकापासून सुरुवात करावी लागेल. विषय पक्का करण्याआधी कोणत्या टोकाचं दफ्तर शिल्लक आहे हे विचारून घ्या. मी हे विचारलं नव्हतं आणि माझे दोन महिने गेले.

घरबसल्या, फुकट मिळणारी साधनं पुष्कळ आहेत. जुन्या अमेरिकन वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचं 'क्रॉनिकलिंग अमेरिका'. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा पत्रव्यवहार १८६१ पासून खंडांच्या रूपाने छापला जातो, तोही पूर्ण खुला आहे. युरोपच्या बाजूने डच वर्तमानपत्रांसाठी 'डेल्फर', फ्रेंचसाठी 'गॅलिका', ऑस्ट्रियासाठी 'आनो', वेल्ससाठी वेल्श राष्ट्रीय ग्रंथालयाचा संग्रह. स्पेनची वसाहतीची कागदपत्रं, ज्यांत फ्लोरिडाही आलं, 'पारेस' या पोर्टलवर पाहता येतात. गुलामांच्या व्यापारासाठी 'स्लेव्ह व्हॉयेजेस' उघडाच. आफ्रिकेतून सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांत कोंबली गेली आणि त्यांपैकी थेट आजच्या अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरवली गेली ती सुमारे ३ लाख ९० हजार. बाकीची बहुतेक ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर. जहाजं लिव्हरपूलची, नांतची, लिस्बनची, मिडलबर्गची होती. गुलामगिरी हा केवळ अमेरिकेचा डाग आहे असं युरोपात अजूनही सहज बोललं जातं. हे आकडे वाचल्यावर तसं बोलणं जमत नाही.

पायरी ३ : प्रवाशांना साक्षीदार म्हणून वाचा, न्यायाधीश म्हणून नको

युरोपियन नजर म्हटलं की सगळे 'डेमॉक्रसी इन अमेरिका' लिहिणाऱ्या फ्रेंच तोकव्हीलचं नाव घेतात. घ्यावंच. पण तो १८३१ मध्ये अमेरिकेला गेला तो सरकारी कामासाठी, तुरुंग पाहायला, हे विसरलं जातं. सोबत त्याचा मित्र बोमाँ होता. दोघे नऊ महिने हिंडले. फिलाडेल्फियाचं ईस्टर्न स्टेट हे तुरुंग १८२९ मध्ये सुरू झालं होतं. प्रत्येक कैदी एकटा, कोठडीच्या छतात प्रकाशासाठी एक झरोका, बाहेर नेताना तोंडावर कापडी बुरखा, म्हणजे कोणी कोणाला ओळखू नये. तोकव्हील या कोठड्यांमध्ये एकटा गेला, कैद्यांशी बोलला आणि त्यांची उत्तरं टिपून घेतली. त्याला तिथे सुधारणेची शक्यता दिसली. १८४२ मध्ये इंग्रज कादंबरीकार डिकन्स त्याच तुरुंगात गेला आणि हादरला. मनावरचा हा अत्याचार शरीराच्या छळाहून भयंकर आहे असं त्याचं मत झालं. ज्या एका जर्मन कैद्याचं त्याने पूर्ण खचलेला म्हणून वर्णन केलं, तो पुढे कित्येक वर्षं जगला आणि पुन्हापुन्हा त्याच तुरुंगात आला.

आता हे करून पाहा. दोघांची त्या तुरुंगावरची पानं काढा. कागदाच्या तीन रांगा करा. पहिलीत डोळ्यांनी पाहिलेलं, दुसरीत कोणी सांगितलेलं, तिसरीत स्वतःचं मत. प्रत्येक वाक्य एका रांगेत टाका. कोणाच्या मागे कोणता देश उभा आहे ते आपोआप दिसू लागतं. तोकव्हीलच्या मागे क्रांतीने होरपळलेला फ्रान्स आणि गजबजलेले फ्रेंच तुरुंग, डिकन्सच्या मागे लहानपणी बापाला कर्जापायी तुरुंगात पाहिलेला मुलगा. त्यात भर म्हणजे याच फिलाडेल्फियाच्या धर्तीवर लंडनचं पेंटनव्हिल आणि बर्लिनचं मोआबीट तुरुंग उभं राहिलं. पाहणारे परतताना नमुना घेऊन आले.

या रांगेत मी पंडिता रमाबाईंना नेहमी बसवते. त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, चेल्टनहॅमला राहिल्या आणि १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी तिथून फिलाडेल्फियाला गेल्या. अमेरिकेवरचं त्यांचं मराठी पुस्तक १८८९ चं, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. इंग्लंड पाहून मग अमेरिका पाहिलेली, राज्यकर्त्यांच्या देशाशी तिची तुलना मनात करणारी ही नजर तोकव्हीलच्या नजरेइतकीच अभ्यासाचा विषय आहे. त्यातलं स्त्रियांच्या स्थितीवरचं प्रकरण मूळ मराठीत वाचू शकणारे तुमच्या वर्गात बहुधा तुम्ही एकटेच असाल. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली होती, हेही तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. या गोष्टी प्रस्तावनेत सजावटीला वापरू नका. साधनं म्हणून वापरा.

पायरी ४ : एक भाषा आणि एक लिपी

इंग्रजीवर पदवी मिळते, पण कपाट उघडत नाही. जर्मन, डच, फ्रेंच, स्पॅनिश यांपैकी एक भाषा वाचण्यापुरती तरी पक्की करा. जर्मन घेतलीत तर 'कुरेंट' ही जुनी हस्तलिपीही शिकावी लागेल. आपल्याकडे मोडी शिकताना जे होतं तेच होतं. पहिला आठवडा नुसत्या उभ्या रेघा दिसतात, मग एके दिवशी 'प्रिय आई' हे दोन शब्द उमटतात. रोज अर्धा तास, एकाच माणसाचं हस्ताक्षर. ट्रान्सक्रिब्युस हे सॉफ्टवेअर हस्ताक्षर वाचून देतं, पण त्याने वाचलेलं तुम्हाला तपासता आलं पाहिजे, म्हणून लिपी आधी, सॉफ्टवेअर नंतर.

पायरी ५ : कुठे शिकाल

बर्लिनच्या फ्राय युनिव्हर्सिटेटमधली जॉन एफ. केनेडी संस्था इंग्रजीतून एम.ए. देते आणि तिचं ग्रंथालय उत्तर अमेरिकेवरच्या युरोपातल्या सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी आहे. हायडेलबर्गचं केंद्र २००३ पासूनचं, म्युनिकची संस्था १९४९ पासूनची. नेदरलँड्समध्ये लायडन, ग्रोनिंगन, अ‍ॅमस्टरडॅम. मिडलबर्गला रूझवेल्ट संस्था आहे. रूझवेल्ट घराणं मूळचं त्या झीलंड प्रांतातलं मानलं जातं. ऑक्सफर्डमध्ये रॉदरमीअर संस्था २००१ पासून आहे, डब्लिनला क्लिंटन संस्था. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतली एक्ल्स संस्था पदवी देत नाही, पण तिथला अमेरिकेवरचा संग्रह अफाट आहे.

नावाकडे पाहून निवडू नका, तुमच्या प्रश्नाच्या कपाटाजवळचं गाव निवडा. कापसासाठी मँचेस्टर-लिव्हरपूल, स्थलांतरासाठी उत्तर जर्मनी, शीतयुद्धासाठी बर्लिन.

पैशाचं थोडक्यात. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्युशन फी नाही, पण हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. काही विशेष अभ्यासक्रमांची फी वेगळी असते, ती आधी पाहा. भारतीयांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (आपल्या शैक्षणिक कागदांची पडताळणी) लागतं, आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात (हा २०२४ मध्ये ठरलेला आकडा, अर्जाच्या वेळी ताजा पाहून घ्या). एपीएसला वेळ लागतो. ऑक्टोबरच्या सत्रासाठी आदल्या दिवाळीत कागद गोळा करायला लागा.

पायरी ६ : पायांनी अभ्यास करा

ब्रेमरहाफेनचं स्थलांतर संग्रहालय, हाम्बुर्गचं बालिनश्टाट, अँटवर्पचं रेड स्टार लाइन संग्रहालय, डब्लिनचं एपिक, यांपैकी एक तरी पूर्ण दिवस काढून पाहा. बर्लिनमध्ये असाल तर हवाई पुलानंतर (१९४८-४९ मध्ये सोव्हिएत नाकेबंदीत अडकलेल्या पश्चिम बर्लिनला विमानांनी रसद पोचवली त्यानंतर) अमेरिकेने शहराला भेट दिलेल्या आणि १९५४ मध्ये उघडलेल्या अमेरिका-गेडेंकबिब्लियोथेक या ग्रंथालयात बसून वाचा. बर्लिनकरांसाठी ते शेजारचं वाचनालय आहे. मुलं तिथे गृहपाठ करतात.

आणि एकदा मारग्राटेनला जा. नेदरलँड्सच्या लिम्बर्ग प्रांतात मास्ट्रिख्टजवळचं हे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांचं दफनस्थळ. सुमारे ८,३०० थडगी, पांढऱ्या संगमरवराच्या वळणदार ओळी. प्रत्येक थडगं आसपासच्या एखाद्या डच कुटुंबाने दत्तक घेतलेलं आहे. ते फुलं वाहतात आणि ही जबाबदारी मुलांकडे सोपवतात. इथल्या सुरुवातीच्या कबरी मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकांनी खणल्या. पावसात, चिखलात, हातांनी. ज्यांना स्वतःच्या सैन्यात गोऱ्यांबरोबर राहू दिलं जात नव्हतं त्यांनी.

पायरी ७ : आजच्या अमेरिकेकडे पाहताना

२०२५ मध्ये त्याच मारग्राटेनच्या माहितीकेंद्रातून कृष्णवर्णीय सैनिकांवरचे फलक काढले गेले आणि नेदरलँड्समध्ये मोठा वाद झाला. दफनस्थळ अमेरिकन सरकार चालवतं, आठवण मात्र लिम्बर्गच्या लोकांची आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये स्मिथ्सोनियनसारख्या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थांनी इतिहास कसा मांडावा याबद्दल राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला आणि संरक्षण खात्याच्या संकेतस्थळावरून नाव्हाहो सांकेतिक संदेशवाहकांची (दुसऱ्या महायुद्धात आपल्या भाषेतून गुप्त संदेश पाठवणाऱ्या मूलनिवासी सैनिकांची) पानं गायब होऊन काही परत आली. स्वातंत्र्याच्या अडीचशेव्या वर्षाच्या, म्हणजे २०२६ च्या, तोंडावर तिथे इतिहासावरून जोरात ओढाताण चालली होती.

यातून आपल्या कामाची शिस्त निघते. अमेरिकन सरकारी पान वापरलंत की त्याच दिवशी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या 'वेबॅक मशीन'वर जतन करा, जतन केल्याची तारीख टिपणात लिहा, पीडीएफ स्वतःजवळ ठेवा. मी हे प्रत्येक पानाला करते. आणि युरोपातल्या वर्तमानपत्रांतलं अमेरिकेवरचं संपादकीय वाचताना एक प्रश्न समासात लिहा: हा लेख अमेरिकेबद्दल आहे की स्वतःच्या देशाच्या भीतीबद्दल? उत्तर बरेचदा दुसरं निघतं आणि मग तो लेखही तुमचं साधन होतो.

पायरी ८ : पहिला आठवडा असा घालवा

८ नोव्हेंबर १८६१ ला उत्तरेच्या 'सॅन जसिंटो' या युद्धनौकेने 'ट्रेंट' हे ब्रिटिश टपालजहाज अडवलं आणि त्यातले दक्षिणेचे दोन दूत पकडले. ब्रिटन युद्धाच्या उंबरठ्यावर आलं. अटलांटिकखालची १८५८ ची तार बंद पडली होती, टिकाऊ तार १८६६ मध्ये आली. त्यामुळे लंडनला बातमी कळली २७ नोव्हेंबरला. या एका घटनेवर आठवडा काढा.

सोमवारी 'क्रॉनिकलिंग अमेरिका'त नोव्हेंबरच्या मध्यावरचे अंक उघडा. मंगळवारी वेल्श संग्रहातले नोव्हेंबरअखेरचे अंक. बुधवारी अमेरिकन परराष्ट्र खात्याचे १८६१-६२ चे खंड, त्यात लंडनमधले राजदूत चार्ल्स फ्रान्सिस अ‍ॅडम्स आणि परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड यांची पत्रं. प्रत्येक पत्राला दोन तारखा लावा, लिहिल्याची आणि पोचल्याची. दुसरी तारीख बहुतेक उत्तराच्या पहिल्या वाक्यात सापडते. ब्रिटिश पार्लमेंटचं हॅन्सार्ड, म्हणजे कामकाजाची छापील नोंद, या आठवड्यांसाठी उघडू नका, सभागृह फेब्रुवारी १८६२ पर्यंत भरलंच नव्हतं. गुरुवारी फ्रेंच किंवा डच वर्तमानपत्र, जी भाषा शिकत असाल ती. शुक्रवारी 'ज्ञानोदय'च्या फाइली कुठे मिळतात ते शोधा. अहमदनगरला अमेरिकन मिशनऱ्यांनीच १८४२ मध्ये सुरू केलेलं ते पत्र आहे, मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांत विचारा.

शनिवारी एका लांब कागदावर आडवी रेघ ओढा. वर अमेरिका, मध्ये युरोप, खाली मुंबई. प्रत्येक बातमी जिथे ज्या दिवशी पोचली तिथे टिंब द्या. नोव्हेंबरच्या त्या दिवसांत, जेव्हा एका किनाऱ्याला सगळं माहीत होतं आणि दुसऱ्याला काहीच नाही, कोण कोणाला काय लिहीत होतं ते पेन्सिलने भरा. तो कागद टेबलासमोर भिंतीवर चिकटवा. मार्गदर्शकांच्या पहिल्या भेटीला जाताना तोच गुंडाळी करून सोबत न्या.